चौदांपैकी अकरा

दुर्मिळ गाठींवरच्या परिषदेच्या सूचनापत्रात ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे अभ्यासाचा थोडक्यात गोषवारा, पाठवण्याची अखेरची वेळ ३० जून, रात्री ११ वाजून ५९ मिनिटे अशी दिली होती आणि त्यापुढे बारीक अक्षरांत ‘ईस्टर्न टाइम’ एवढे दोनच शब्द होते. उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, म्हणजे आमच्या विभागातल्या घड्याळाप्रमाणे ती मुदत १ जुलैला सकाळी ९ वाजून २९ मिनिटांनी संपणार होती. हा हिशेब आता मला पाठ आहे, कारण काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात युरोपातल्या एका परिषदेची वेळ मी अमेरिकेची समजून बसले, सकाळी निवांत चहा घेऊन संगणक उघडला आणि संकेतस्थळ पहाटे साडेचारलाच बंद झालेले आढळले. चूक सर्वस्वी माझीच होती. त्या ॲबस्ट्रॅक्टसाठी तेव्हाच्या रेसिडेंटने (पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरने) तीन महिने घातले होते आणि त्याच्यासमोर उभे राहून ते सांगणे मला अजून आठवते.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे गाठींचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान करणारी डॉक्टर. आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांत तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांचाच भरणा असतो. युरोपात ज्या कर्करोगाचे वर्षाला लाखामागे सहापेक्षा कमी नवे रुग्ण सापडतात त्याला दुर्मिळ म्हणतात; अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने तीच रेषा लाखामागे पंधरावर ओढली आहे. युरोपातल्या नोंदींप्रमाणे असे सगळे दुर्मिळ कर्करोग एकत्र केले तर एकूण कर्करोगांचा पाचवा हिस्सा सहज भरतो, पण एकेकटा घेतला तर त्यातला प्रत्येक आजार कुणाच्याच खिजगणतीत नसतो. औषध कंपनीला त्यात बाजार दिसत नाही, पाठ्यपुस्तकात त्याला अर्धे पान मिळते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या सर्जनला तो आयुष्यात एकदा किंवा दोनदा भेटतो.

यंदा आम्ही ज्या गाठीवर लिहायचे ठरवले तिचे नाव अल्व्हिओलर सॉफ्ट पार्ट सार्कोमा; पुढे मी तिला एएसपीएस म्हणेन. प्रौढांमधल्या सगळ्या कर्करोगांत मऊ ऊतींचे सार्कोमा (स्नायू, चरबी अशा ऊतींतले कर्करोग) जेमतेम एक टक्का, आणि त्या सार्कोमांतही एएसपीएस एक टक्क्याहून कमी. ती बहुधा तरुणांना होते, बहुधा मांडीच्या स्नायूत असते, दुखत नाही, हळूहळू वाढते, आणि म्हणूनच माणूस दवाखान्यात येतो तेव्हा पुष्कळदा ती फुप्फुसात पोचलेली असते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशी पुंजक्या-पुंजक्यांनी बसलेल्या दिसतात, पुंजक्यांच्या मधून अगदी पातळ रक्तवाहिन्या गेलेल्या असतात आणि मधल्या पेशी गळून पडल्या की फुप्फुसातल्या वायुकोशांसारखी पोकळी दिसते. नावातले ‘अल्व्हिओलर’ तेथून आले. तिची सर्वांत देखणी खूण म्हणजे पेशींच्या आतले काडीसारखे स्फटिक. पीएएस या रंगाने ते गुलाबी-जांभळे उठतात आणि डायस्टेज या विकराने आधी स्लाइड धुतली तरी पुसले जात नाहीत. आमच्याकडचे एक जुने तंत्रज्ञ डायस्टेजची बाटली संपली की सरळ स्वतःची लाळ वापरत असत, कारण लाळेतही तेच काम करणारे विकर असते. रेसिडेंटना हे सांगितले की त्यांना किळस येते. मला मात्र त्या स्लाइड आजच्या काही स्लाइडपेक्षा स्वच्छ वाटतात.

या गाठीचे पहिले वर्णन १९५२ मध्ये न्यूयॉर्कमधून प्रसिद्ध झाले आणि ते बारा रुग्णांवर आधारलेले होते. ती नेमकी कोणत्या प्रकारच्या पेशींपासून निघते हे तेव्हा ठरले नव्हते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणातही ती ‘अनिश्चित’ याच रकान्यात बसलेली आहे. तिच्यामागे एएसपीएससीआर१ आणि टीएफई३ या दोन जनुकांची जोडणी असते हे २००१ मध्ये कळले. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने पसरलेल्या एएसपीएससाठी ॲटेझोलिझुमॅब या औषधाला मान्यता दिली ती अवघ्या ४९ रुग्णांच्या अभ्यासावरून, आणि त्यात तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. स्तनाच्या कर्करोगात ४९ रुग्णांचा अभ्यास घेऊन कुणी मान्यता मागायला गेला असता तर त्याला दारातूनच परत पाठवले असते. दुर्मिळ गाठींच्या परिषदेत अकरा रुग्णांचा ॲबस्ट्रॅक्ट वाचला जातो तो यामुळेच. मात्र आकडा लहान असला की त्यातला प्रत्येक माणूस नीट मोजलेला असावा लागतो, आणि या वर्षी आमचे बहुतेक दिवस त्या मोजणीतच गेले.

रजिस्टरांमध्ये आम्हाला चौदा नावे सापडली. जुनी रजिस्टरे हस्ताक्षरातली असल्यामुळे रेसिडेंटने दोन शनिवार रेकॉर्ड रूममध्ये बसून ती ओळ न् ओळ वाचली, कारण एकाच गाठीला तीन सह्यांखाली तीन प्रकारे लिहिलेले होते आणि एका ठिकाणी तर नुसते ‘सार्कोमा, अभिप्राय हवा’ एवढेच होते. त्यानंतर ब्लॉक शोधायचे काम आले. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. तो हाती असला की दहा वर्षांनीही नवी स्लाइड कापता येते आणि पूर्वी उपलब्ध नसलेली तपासणी आज करता येते. आमच्या ब्लॉकची कपाटे पश्चिमेच्या भिंतीला लागून आहेत. मे महिन्याच्या उन्हाने मेण मऊ होऊन ब्लॉक एकमेकांना चिकटतात आणि ते सुटे करताना वरचे क्रमांक खरवडले जातात. एका कप्प्यातले सहा ब्लॉक आम्ही भिंगाखाली धरून क्रमांकांच्या उरलेल्या रेघांवरून ओळखले.

सगळ्या ब्लॉकवर टीएफई३चा आयएचसी (पेशींतले ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणारी चाचणी) करून पुन्हा तपासणी झाली तेव्हा चौदांतला एक रुग्ण गळाला, कारण ती गाठ ग्रॅन्युलर सेल ट्यूमर ही वेगळीच गाठ निघाली. टीएफई३ त्यातही रंगते, म्हणून नुसत्या त्या रंगावर विसंबून चालत नाही; त्या स्लाइडमध्ये स्फटिक नव्हते, रक्तवाहिन्यांचे ते जाळे नव्हते आणि एस-१०० हे दुसरे प्रथिन मात्र ठळक होते. दुसऱ्या एका रुग्णाचे नातेवाईक उपचारासाठी मोठ्या शहरात जाताना ब्लॉक घेऊन गेले होते आणि तो परत आला नाही. उरलेल्या एकमेव स्लाइडचा रंग उडालेला होता. तिसऱ्याची फक्त स्लाइड बाहेरून अभिप्रायासाठी आली होती, त्याच्यावर आमच्याकडे उपचार झालेच नव्हते आणि त्याचे पुढे काय झाले हे कळायला मार्ग नव्हता. राहिले अकरा.

“मॅडम, चौदाच ठेवू या ना,” रेसिडेंट म्हणाला, “चौदा जरा बरे दिसतात.” त्याचे मला नवल वाटले नाही. अकरा आणि चौदा यांत तिघांचाच फरक आहे, पण शेकड्याच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाला तो फार मोठा वाटतो. मी त्याला एवढेच सांगितले की चौदा हा आकडाही ॲबस्ट्रॅक्टमध्ये जाणार आहे, फक्त तो ‘पद्धती’च्या परिच्छेदात जाईल: नोंदीत चौदा, पुनर्तपासणीत एक वगळला, साहित्य नसल्याने एक वगळला, उपचारांची माहिती नसल्याने एक वगळला. जागेच्या टंचाईत हे वाक्य परवडत नाही असे सगळेच म्हणतात. माझ्या मते सगळ्या ॲबस्ट्रॅक्टमध्ये कात्री लावू नये असे एखादेच वाक्य असेल तर ते हेच.

त्यानंतर अकरा जणांची आजची खबर काढायची होती. आचारसमितीने जुन्या नोंदींचा अभ्यास आणि फोनवर विचारायचे प्रश्न या दोन्हींना परवानगी दिली होती. काय विचारायचे, काय विचारायचे नाही आणि समोरच्याने नको म्हटले तर फोन कसा ठेवायचा हेही लिहून दिलेले होते. फोन करायला समाजसेवा अधीक्षक आमच्याबरोबर बसल्या, आणि त्या नसत्या तर निम्मे फोन वाया गेले असते. केस पेपरवरचा क्रमांक कधी भाच्याचा निघतो, कधी गावातल्या किराणा दुकानदाराचा. अनोळखी क्रमांकावरून ‘रुग्णालयातून बोलतोय’ म्हटले की लोकांना आधी फसवणुकीचा संशय येतो आणि मग थकलेल्या बिलाचा. अधीक्षक पहिल्या वाक्यातच सांगत की पैशाचे काही काम नाही, तब्येत विचारायची आहे. तेवढ्यावर आवाज बदलत असे.

एका घरून उत्तर आले, “ते गेले की ओ. महापुराच्या साली. गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी.” आमच्या तक्त्यात मृत्यूच्या तारखेचा रकाना दिवस, महिना, वर्ष असा होता. महापुराचे साल या भागात कुणाला विचारावे लागत नाही: कोल्हापूर-सांगलीला तो ऑगस्ट २०१९ मध्ये आला. त्या वर्षीची गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती, म्हणून तक्त्यात ३ सप्टेंबर २०१९ अशी नोंद झाली आणि नंतर दाखल्याशी ताडून पाहिल्यावर ती बरोबर निघाली. (रुग्णाची ओळख पटू नये म्हणून ही खूण मी येथे बदलून लिहिली आहे, पद्धत मात्र हीच होती.) दुसऱ्या एका घरी ‘मार्गशीर्षातच कधीतरी’ एवढेच सांगता आले आणि दाखला मिळाला नाही, तेव्हा आम्ही महिन्याची पंधरा तारीख धरली आणि तसे धरल्याचे तक्त्याखाली लिहून ठेवले. जगण्याच्या कालावधीचा जो आलेख अशा अभ्यासांत काढतात, त्यात शेवटचा संपर्क केव्हा झाला या तारखेलाही मृत्यूच्या तारखेइतकेच वजन असते. एखादा रुग्ण पाच वर्षांपूर्वी तपासणीला यायचा थांबला असेल तर आलेख त्याला तेथेच सोडतो, मग तो आज शेतात नांगर धरून उभा का असेना. असा एक जण आम्हाला खरोखरच सापडला, आणि त्याला आमच्या फोनचेच आश्चर्य वाटले.

आकड्यांबद्दल थोडे लिहिलेच पाहिजे, कारण लहान आकड्यांची सर्वांत जास्त हेळसांड टक्केवारीमुळे होते. समजा अकरांपैकी चार रुग्णांत एखाद्या औषधाने गाठ लहान झाली. ‘३६.४ टक्के प्रतिसाद’ असे लिहिले की वाचणाऱ्याला वाटते की दशांशापर्यंत मोजमाप झालेले आहे. प्रत्यक्षात त्या चारांवरून एवढेच म्हणता येते की खरे प्रमाण ११ ते ६९ टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी असावे. म्हणून आमच्या विभागात एक दंडक आहे: वीसपेक्षा कमी रुग्ण असतील तर ‘अकरांपैकी चार’ असेच लिहायचे आणि टक्का दिलाच तर त्याची व्याप्ती सोबत द्यायची. शून्याचे तर याहून विचित्र आहे. अकरांपैकी एकालाही मेंदूत गाठ पसरली नाही, एवढ्यावरून ती पसरत नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. खरे प्रमाण पाव असतानाही अकरा जणांत एकही न सापडणे अगदी अशक्य नसते. एएसपीएस मेंदूत पसरते हे जगाला ठाऊक आहे. आमच्या शून्यामागचे कारण बहुधा एवढेच की प्रत्येकाच्या मेंदूचा एमआरआय झालेलाच नव्हता, आणि ते आम्ही लिहिले.

मजकूर लिहायला बसलो तेव्हा जूनचा तिसरा आठवडा उजाडला होता. शीर्षकावर आमचे दोन दिवस गेले. रेसिडेंटच्या पहिल्या मसुद्यात ‘एका अतिदुर्मिळ गाठीचा आमचा अनुभव’ असे होते. दुर्मिळ गाठींच्या परिषदेत ‘दुर्मिळ’ हा शब्द म्हणजे मासळीबाजारात ‘येथे मासे मिळतात’ अशी पाटी लावण्यासारखे आहे. तेथे येणारा प्रत्येक ॲबस्ट्रॅक्ट दुर्मिळच असतो. मागे एकदा आमचा एक ॲबस्ट्रॅक्ट परत आला होता त्यात मीच ‘वाङ्मयातील पहिली नोंद’ असे ठोकून दिले होते आणि परीक्षकाने एका ओळीत तशाच आणखी एका रुग्णाचा हवाला दिला होता. तेव्हापासून ‘पहिला’ हा शब्द मी लिहीत नाही. शेवटी शीर्षकात गाठीचे नाव, रुग्णांची संख्या, जनुकीय तपासणीने निदान पक्के केल्याचा उल्लेख आणि पाठपुराव्याचा काळ एवढेच उरले. ते रुक्ष आहे, पण शेकडो शीर्षके चाळणाऱ्या परीक्षकाला त्यावरून आत काय आहे ते कळते.

मर्यादा शब्दांची आहे की अक्षरांची, मोकळ्या जागा धरून की सोडून, तक्ता त्यात मोजतात की नाही, हे दर परिषदेत वेगळे असते आणि सूचनापत्रात ते कोपऱ्यात लिहिलेले असते. मजकूर वर्डमधून संकेतस्थळाच्या चौकटीत चिकटवला की ‘पेक्षा मोठे किंवा समान’ ही खूण हमखास प्रश्नचिन्ह होऊन उतरते; एका मसुद्यात त्यामुळे ‘५ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी’ ही गाठ ‘? ५ सेंटिमीटर’ झाली होती. शिवाय परीक्षकांना लेखकांची नावे दाखवत नाहीत, म्हणून मजकुरात गावाचे किंवा संस्थेचे नाव येऊ द्यायचे नसते. एका वाक्यात जिल्ह्याचे नाव राहून गेले होते; ते काढताना लक्षात आले की त्याला दुसरेही कारण आहे. आमच्या मालिकेत जिभेवर गाठ असलेले एक मूल होते. वय, लिंग, जीभ आणि जिल्हा एवढे चार शब्द एकत्र आले की त्या तालुक्यातला कुणीही बोट ठेवून ते घर दाखवील. नाव गाळले म्हणजे ओळख गाळली, असे या आजारांत होत नाही. आम्ही वयाचा पल्ला दिला, जागा ‘डोके व मान’ अशी लिहिली आणि त्या मुलाबद्दल स्वतंत्र वाक्य लिहिलेच नाही, जरी शास्त्राच्या दृष्टीने अख्ख्या ॲबस्ट्रॅक्टमध्ये तेच सर्वांत रंजक ठरले असते.

लेखकांच्या यादीबद्दल मी थोडक्यात लिहिते, नाहीतर लिहिणे थांबणार नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणावे याच्या चार अटी घातल्या आहेत आणि त्या चारही पूर्ण व्हाव्या लागतात: कामात भरीव वाटा, मजकूर लिहिण्यात किंवा तपासण्यात वाटा, अंतिम मसुद्याला संमती आणि सगळ्या कामाची जबाबदारी. आपल्याकडे ही यादी पुष्कळदा लग्नपत्रिकेतल्या ‘विनीत’च्या यादीसारखी होते, कुणाचे नाव राहिले तर वर्षभर अबोला. यंदा रेसिडेंट पहिला लेखक आहे, कारण रेकॉर्ड रूममधली धूळ त्याने खाल्ली आहे. समाजसेवा अधीक्षकांचे नावही यादीत आहे. त्यावर भुवया उंचावल्या, तेव्हा मी त्यांना मसुदा वाचायला दिला. पाठपुराव्याच्या वाक्यात ‘संपर्क होऊ शकला नाही’ आणि ‘बोलण्यास नकार दिला’ या दोन गोष्टी आम्ही एकत्र केल्या होत्या, ती चूक त्यांनीच काढली.

३० जूनच्या रात्री पाऊस होता आणि दोनदा वीज गेली, पण मजकूर आदल्या संध्याकाळीच चौकटीत भरून ठेवला होता. १ जुलैच्या सकाळी, डॉक्टर्स डेचे गुलाब वाटत कुणीतरी विभागातून फिरत असताना, साडेआठ वाजता आम्ही दोघांनी शेवटचा मसुदा मोठ्याने वाचला. मोठ्याने वाचल्यामुळे निष्कर्षात ‘सुरक्षित’ असा शब्द घुसल्याचे कानाला खटकले. तो आम्ही खोडला, कारण अकरा रुग्णांवरून सुरक्षिततेबद्दल बोलायचा आम्हाला अधिकार नव्हता. ८ वाजून ५२ मिनिटांनी पोच मिळाली. रेसिडेंटने तिचे चित्र विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले आणि मी ते लगेच काढायला लावले. परिषद प्रसिद्ध करीपर्यंत मजकूर बाहेर जाऊ द्यायचा नसतो आणि त्या चित्रात शीर्षक पूर्ण दिसत होते.

गेल्या आठवड्यात उत्तर आले. तोंडी सादरीकरण मिळाले नाही, पोस्टर (परिषदेत लावायचा मोठा छापील तक्ता) मिळाले. परीक्षकांपैकी एकाने लिहिले आहे की वगळलेल्या तिघांचा हिशेब दिल्याबद्दल आभार, आणि दुसऱ्याने विचारले आहे की पाठपुरावा आणखी सहा महिने वाढवता येईल का. परिषदांमध्ये सादर झालेल्या ॲबस्ट्रॅक्टपैकी पूर्ण शोधनिबंध होऊन छापले जाणारे चाळीस टक्केही नसतात, असे कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या एका आढाव्यात दिसून आले आहे. आमचेही दोन जुने ॲबस्ट्रॅक्ट पोस्टरच्या नळकांड्यातच राहिले आहेत, तेव्हा या खेपेस निबंधाचा मसुदा पोस्टरच्या आधी लिहायचा असे रेसिडेंटने स्वतःच ठरवले आहे. सध्या त्याच्यासमोर पाच जणांची यादी आहे, ज्यांना ऑक्टोबरमध्ये पुन्हा फोन करायचा आहे. त्यातले दोन क्रमांक बंद लागतात, आणि एका घरी ऊसतोडीला निघायच्या आधीच फोन करा असे त्यांनी आम्हाला बजावून ठेवले आहे.